तिसऱ्या सीटचं वजन

उस्तादनं आयुष्यभर टनांत विचार केला आणि त्याच्या दाजींनी ग्रॅममध्ये. दोघांच्या मधे ताई होती, आणि ती कशात विचार करते याचा थांगपत्ता आजवर दोघांनाही लागला नव्हता.

उस्ताद हा ताईचा धाकटा भाऊ. तीस वर्षं ट्रक चालवून तो आता घरी बसला होता, आणि घरी बसणं हे काम त्याला मुळीच जमत नव्हतं. रस्त्यावरच्या दोस्तांनी दिलेलं नाव घरातही चिकटलं होतं. दाजीसुद्धा त्याला उस्तादच म्हणत. लग्न राहून गेलं होतं. का, असं कुणी विचारलंच तर तो म्हणायचा, ट्रक उभा करायला जागा मिळाली नाही म्हणून. राहायला ताईच्या घरासमोरच्या इमारतीत एक खोली होती. संध्याकाळचं जेवण ताईकडे, जेवताना दाजींशी एखादा कडकडीत वाद, आणि मग आपल्या खोलीत जाऊन त्या वादातले न सुचलेले मुद्दे आठवत पडून राहणं, असा त्याचा दिवस होता.

दाजींचं औषधांचं दुकान होतं. ते त्यांनी विकलं, पण काउंटरवरचा छोटा काटा मात्र घरी आणला. ज्या माणसानं उमेदीची सगळी वर्षं चिमूटभर पावडरी तोलण्यात घालवली, त्याला घरी तरी कशी चैन पडणार? ते साबणाची वडी तोलत. पाकीट पोस्टात टाकण्याआधी तोलत. एकदा वादाच्या भरात उस्तादनं विचारलं, "दाजी, आत्ता राग किती ग्रॅम आला?" त्यावर दाजींनी असा अबोला धरला की ताईला ताटं वाढताना दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवावे लागले.

तर या दोघांच्या आयुष्यात ताईनं एक व्हॅन आणून उभी केली. साठी ओलांडल्यावर ती गाडी चालवायला शिकली, पहिल्याच परीक्षेत पास झाली, आणि लाँड्रीवाल्याची जुनी, उंच टपाची व्हॅन चालवत थेट दारात आली. व्हॅनच्या अंगावर अजून एका शर्टाचं पुसट चित्र होतं आणि ऊन तापलं की आतून स्टार्चचा वास यायचा. ताई म्हणाली, हिचं घर करायचं. आत बिछाना, टेबल, शेगडी, कपाटं, पाण्याची टाकी. मग वर्षभर तिनं आणि दाजींनी फिरत राहायचं, बरं वाटेल तिथं थांबायचं, कंटाळा आला की पुढे निघायचं.

संध्याकाळी जेवताना तिनं उस्तादला विचारलं, "येतोस का रे?"

इथं उस्तादनं घोडचूक केली. त्याला इतका आनंद झाला की तो लपवण्याच्या नादात त्यानं नाक जरा जास्तच वर केलं. "मी?" तो म्हणाला. "माझे रस्ते बघून झालेत, ताई. आता रस्ता दिसला तरी मळमळतं. आणि त्या लाँड्रीच्या डब्यात बसून मी कुठे मिरवू?"

त्याला वाटलं, ताई पुन्हा विचारेल. जरा आग्रह करेल, आपण आढेवेढे घेऊ, आणि मग उपकार केल्यासारखं हो म्हणू. ताई म्हणाली, "बरं," आणि त्याला आणखी एक पोळी वाढली.

झालं. त्या दिवसापासून उस्ताद वाट बघत राहिला, पण ताईनं विषय काढला नाही. ती पडद्यांची मापं घेत होती, नकाशे उलगडत होती, आणि प्रत्येक वाक्य "आम्ही दोघं" असं सुरू करत होती. खरं सांगायचं तर उस्ताद घाबरला होता. वर्षभर समोरच्या घरात दिवा लागणार नाही, वर्षभर आपल्याशी वाद घालायला कुणी नसेल, या विचारानं तो रात्री उठून समोरच्या खिडकीकडे बघत बसायचा. पण "मलाही न्या" हे दोन शब्द बोलण्यापेक्षा त्यानं भरलेला ट्रक उलटा हाकत घाट उतरवला असता.

मग एका सकाळी दाढी करताना त्याला कायदा आठवला.

कायदा सोपा होता आणि उस्तादला तोंडपाठ होता. अशा घरगाडीचं प्रवासाला निघतानाचं सगळं वजन, म्हणजे पाणी, गॅस, सामान आणि माणसं धरून, साडेतीन टनांच्या आत असेल तर ती हलक्या वाहनांत नोंदली जाते आणि ताईच्या साध्या लायसन्सवर चालते. त्याच्या वर गेली की ती जड वाहनांत. मग नोंदणी वेगळी, आणि स्टिअरिंगवर बसायचं तर जड वाहनाचं लायसन्स हवं. दाजींना सायकलही धड येत नव्हती. जड वाहनाचं लायसन्स अख्ख्या गोतावळ्यात एकाच माणसाकडे होतं आणि ते त्याच्या शर्टाच्या खिशात असायचं.

म्हणजे तोंड वेंगाडायची गरजच नव्हती. गाडी जड झाली की झक मारत त्याला बोलवावं लागणार होतं. "कायदाच तसा आहे, ताई, माझा नाइलाज आहे," हे वाक्य त्यानं अर्धी दाढी तशीच ठेवून आरशासमोर म्हणूनही बघितलं. चांगलं वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून उस्ताद मदतीला हजर झाला. दाजींनी सगळ्यांत पातळ प्लायवूड निवडलं की तो म्हणायचा, "खड्ड्यात आदळलं की याचा भुगा होईल," आणि जाड फळी पुढे करायचा. दाजींनी प्लास्टिकच्या कड्या आणल्या, यानं पितळी लावल्या. पण एवढ्यानं टनाला काही फरक पडत नाही हे टनवाल्याला कळत होतं. म्हणून मग दाजी चहाला आत गेले की उस्ताद आपल्या खोलीतून ट्रकच्या दिवसांतलं लोखंड आणायचा. बिछान्याखालच्या खोक्यात त्यानं ट्रक ओढायची जाडजूड साखळी वेटोळं करून ठेवली आणि वर गादी टाकली. कपाटाच्या तळाशी एक खोटी फळी ठोकली, तिच्याखाली जुना जॅक. चाकामागे लावायचे लोखंडी ठोकळे सिंकच्या मागच्या पोकळीत गेले. सगळं मिळून एका हडकुळ्या माणसाएवढं वजन झालं. त्या हडकुळ्या माणसाला गाडीत बसवताना उस्तादला मोठी गंमत वाटत होती.

इकडे दाजी एकेक ग्रॅम कमी करत होते. त्यांनी दोघांच्या टूथब्रशचे दांडे अर्धे कापले. टॉवेलांच्या झालरी उसवल्या. नकाशाच्या पुस्तकातली ज्या प्रदेशात जायचं नाही ती पानं फाडली. ताईच्या पावडरच्या डब्यापर्यंत त्यांचा हात गेला होता, पण ताईनं नुसतं बघितलं आणि हात परत आला.

त्यातच एका सकाळी ताईनं कुठूनतरी एक सीट आणलं. चांगलं लोखंडी सांगाड्याचं, पट्ट्यासकटचं, जुन्या बसमधून निघालेलं. पुढे चालकाचं एक आणि शेजारचं एक अशी दोन सीटं व्हॅनमध्ये होतीच. हे तिसरं तिला मागे, टेबलासमोर, रस्त्याकडे तोंड करून बसवून हवं होतं.

"हे कुणासाठी?" उस्तादनं विचारलं.

"पिशव्या ठेवायला," ताई म्हणाली.

सीटचं वजन हाताला लागताच उस्ताद मनातल्या मनात खूश झाला. न मागता लोखंड आलं होतं. चारही बोल्ट त्यानं स्वतः आवळले आणि वर पान्याची एकेक फेरी आणखी दिली. दाजी बाजूला उभे राहून बघत होते. त्यांनी काटा आणला नाही. उस्तादला त्यात काही वावगं वाटलं नाही. तो आपल्याच आनंदात होता.

ताई तेवढ्यात घड्याळ बघून निघून गेली. हल्ली आठवड्यातून एकदोनदा ती सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायची. खरं तर तिला कोपऱ्यावरच्या बसचा नंबर चष्म्याशिवाय वाचता यायचा, पण या वयात कोण कुठल्या डॉक्टरकडे जातं ते विचारू नये, असं उस्तादचं मत होतं.

गाडी तयार झाल्यावर दाजींनी चाचणी म्हणून ती खडीच्या वखारीतल्या वजनकाट्यावर न्यायचं ठरवलं. टाकी काठोकाठ भरली, सिलिंडर चढवला, कपडे, भांडी, गाद्या, सगळं आत. दाजींनी बाकी प्रत्येक वस्तू तोलून आणि सीटचं वजन अंदाजानं धरून बेरीज केली होती आणि त्यांच्या बेरजेप्रमाणे गाडी मर्यादेच्या पन्नास किलो आत होती. ताई आणि दाजी आत बसले. "मी काही येत नाहीये, माझं वजन कशाला," असं म्हणत उस्ताद खाली उतरून काट्याच्या खिडकीशी उभा राहिला, आकडा आधी दिसावा म्हणून.

आकडा साडेतीन टनांच्या वर होता. तीस किलो जास्त.

दाजींचा चेहरा असा झाला की क्षणभर उस्तादलाच त्यांची दया आली. "म्हणजे ऐंशी किलोंचा फरक," ते पुटपुटले. "ऐंशी किलो म्हणजे काय खायची गोष्ट आहे? एक माणूस झाला."

"रंग असेल," उस्ताद साळसूदपणे म्हणाला. "रंगालाही वजन असतं, दाजी."

काटेवाला कंटाळलेला होता. त्यानं खिडकीतून विचारलं, "माणसांची वजनं धरलीत ना?"

"धरली की. माझं धरलं, हिचं धरलं." दाजींनी दोन्ही आकडे सांगितले. ताईचा आकडा ऐकून काटेवाल्यानं एकदा ताईकडे बघितलं आणि पटकन दुसरीकडे बघायला लागला.

"हे माझं वजन कधीचं?" ताईनं विचारलं.

"आपल्या लग्नाच्या वेळचं," दाजी म्हणाले. "तूच सांगितलं होतंस."

"नंतर कधी विचारलं नाहीत?"

"धीर झाला नाही."

गाडी काट्यावरून खाली घेऊन ताई त्यावर एकटी उभी राहिली तर ऐंशीतले वीस किलो सापडले. ते कुठे होते यावर कुणी चर्चा केली नाही. पण बाकीचे साठ किलो काही सापडेनात. परत येताना दाजी बोटांवर काहीतरी मोजत होते आणि उस्ताद खिडकीबाहेर बघत होता, कारण त्याला हसू आवरत नव्हतं.

घरी आल्यावर दाजींनी पाना काढला आणि म्हणाले, टेबल काढू. शेगडीही काढू. बाहेर कुठेही खाता येतं.

"टेबल काढलंत तर घर संपलं," ताई म्हणाली. "वाहन कार्यालयात मी नीट विचारून आलेय. बिछाना, टेबल, शेगडी, कपाटं, हे सगळं गाडीला पक्कं जोडलेलं असलं तरच ती घरगाडी. नाहीतर त्यांच्या लेखी ती अजून मालवाहू व्हॅन आहे. शर्ट वाहणारी."

म्हणजे घर काढता येत नव्हतं. घरातलंच काहीतरी काढावं लागणार होतं. एकेक वस्तू खाली उतरायला लागली. दाजींचा खलबत्ता गेला, तो हातात धरून ते बराच वेळ उभे होते. घडीच्या खुर्च्या गेल्या. आणि शेवटी ताईनं आपलं हातशिलाईचं मशीन उचलून दारातल्या पायरीवर आणून ठेवलं.

ते मशीन बघून उस्तादचं हसू जिथल्या तिथे थांबलं. त्याला पहिली नोकरी लागली तेव्हा ड्रायव्हरचा खाकी शर्ट ताईनं त्याच मशीनवर शिवला होता. माप न घेता शिवला होता आणि अंगात बरोबर बसला होता. प्रवासात कुठे थांबलं की झाडाखाली बसून शिवत राहायचं, हे तिनं किती वेळा बोलून दाखवलं होतं.

"हे कशाला?" तो म्हणाला. "हे राहू दे की."

"मग काय ठेवू बाहेर?" ताईनं विचारलं. "मी तर राहू शकत नाही बाहेर."

मशीन पायरीवर राहिलं. खलबत्ता, खुर्च्या आणि मशीन मिळून पस्तीस किलो गेले होते. गाडी मर्यादेच्या आत आली होती, जेमतेम पाच किलोंनी. उस्तादला हे कळत होतं की आता आणखी एखादा लोखंडी तुकडा टाकला की काम फत्ते. त्याच्याकडे तुकडेही होते. पण जाता येता त्याला ते मशीन दिसायचं. दुसऱ्या दिवशी त्यावर पाखराची विष्ठा पडली होती, ती त्यानं आपल्या रुमालानं पुसली. आपण एक नंबरचे नालायक आहोत, असं त्याला स्पष्ट शब्दांत वाटलं.

नोंदणीच्या दिवशी उजाडताच तो उठला, व्हॅन उघडली आणि सगळं बाहेर काढलं. साखळी, जॅक, ठोकळे. प्रत्येक वस्तू खोलीपर्यंत नेताना त्याला आपण स्वतःलाच गाडीतून उतरवतोय असं वाटत होतं, आणि ते खरंही होतं. लोखंड गेलं की गाडी हलकी, गाडी हलकी की ताई आणि दाजी चालले, आणि आपण त्या रिकाम्या घराची किल्ली सांभाळत बसणार. शेवटी त्यानं मशीन उचललं, त्याच्या जागेवर ठेवलं आणि पट्टा आवळला. ताईच्या स्वयंपाकघराचा पडदा तेवढ्यात जरासा हलला, पण तो वाऱ्यानं हलला असेल म्हणून त्यानं सोडून दिलं.

निघताना ताई म्हणाली, "तूही चल. बोल्टबिल्ट काही विचारलं तर तूच सांगू शकशील." मशीनबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. आत चढताना तिनं मशीनवरून हात मात्र फिरवला.

वाहन कार्यालयाच्या मागच्या आवारात तपासणीची जागा होती. तिथली अधिकारी बाई हातात टॉर्च घेऊन आत शिरली. तिनं बिछाना हलवून बघितला, हलला नाही. टेबलावर दोन्ही हातांनी जोर दिला. शेगडी पेटवली, विझवली. कपाटांची दारं उघडली, आणि खोट्या फळीवर टॉर्च मारून म्हणाली, "इथे खाली काय?"

"काही नाही," उस्ताद म्हणाला. आणि आयुष्यात पहिल्यांदाच हे उत्तर खरं होतं.

"ठीक. घर आहे," बाई म्हणाली. मग गाडी काट्यावर गेली आणि सगळ्यांना खाली उतरवण्यात आलं. आकडा बघून दाजी चक्रावले. साठ किलो जसे आले होते तसेच गेले होते, वर मशीनही आत होतं. त्यांनी उस्तादकडे एक नजर टाकली. उस्ताद आपल्या चपलेकडे बघत होता. त्याला स्वतःसाठी वाईट वाटत होतं आणि ताईसाठी बरंही वाटत होतं, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळायची त्याला सवय नव्हती.

"सीटं किती?" बाईनं विचारलं. आत डोकावून तिनं स्वतःच मोजली. "तीन. म्हणजे तीन माणसं. प्रत्येकी पंचाहत्तर किलो धरायचे, माणूस बसो न बसो. नियम आहे." तिनं बेरीज केली. "पंचवीस किलो जास्त होताहेत. ही जड वाहनांत जाईल."

 बाईला वाटलं, यांना वाईट वाटलं. ती जरा मऊ आवाजात म्हणाली, "अहो, सोपं आहे. ते मागचं सीट चार बोल्टचं काम. काढून टाका, आत्ता हलक्यात नोंदते. पाना आहे माझ्याकडे."

उस्तादनं पाना घेतला. बोल्ट त्यानंच आवळले होते, तेव्हा सोडवायलाही त्यालाच वाकावं लागणार होतं. आवळताना दिलेल्या जादा फेऱ्या त्याला आता महागात पडत होत्या. तो गुडघ्यावर बसला, पहिल्या बोल्टला पाना लावला आणि जोर दिला.

"उस्ताद," मागून दाजी म्हणाले. "पाना खाली ठेवा."

"दाजी, पंचवीस किलो जास्त होताहेत."

"मला आकडे कळतात. सीट राहू दे."

"पिशव्यांसाठी तर आहे ते."

"पिशव्यांना कधी पट्टा बांधलेला बघितलाय?" दाजी म्हणाले, आणि चष्मा काढून उगाचच पुसायला लागले.

उस्ताद पाना धरून तसाच बसून राहिला. ज्या माणसानं टूथब्रशचे दांडे कापले, नकाशातले प्रदेश फाडले, स्वतःचा खलबत्ता सोडला, त्या माणसानं एवढं मोठं लोखंडी सीट एकदाही काट्यावर ठेवलं नव्हतं. एकदाही ते काढू म्हटलं नव्हतं. आणि आपण मात्र शेवटपर्यंत साखळ्या लपवत बसलो. उस्तादला डोळ्यांपुढचा बोल्ट नीट दिसेना.

"मग काय लिहू?" बाईनं विचारलं. "जड वाहन? आणि चालवायला लायसन्स आहे का कुणाकडे?"

आरशासमोर घोटलेलं वाक्य आता म्हणायचं होतं. कायदाच तसा आहे, ताई. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथंच अडकलं. उस्ताद उठून उभा राहिला, पाना या हातातून त्या हातात घेतला आणि म्हणाला, "मलाही न्या."

"न्यायचंच आहे," ताई म्हणाली. "सीट काय शोभेला बसवलंय?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलं होतं. तू नाक वर केलंस. पुन्हा विचारलं असतं तर आणखी वर केलं असतंस, आणि मग ते खाली आणायला क्रेन लागली असती." तिनं त्याच्या हातातला पाना काढून घेतला. "आणि ती साखळी परत आण. चिखलात लागेल. जॅकही आण, जड वाहनाला मुभा भरपूर आहे. ठोकळे मात्र नकोत, सिंकमागे हात जात नाही."

"तुला माहीत होतं?"

"बिछाना कोण झाडतं?"

"आणि मशीन?"

"ते मुद्दाम ठेवलं होतं पायरीवर," ताई म्हणाली. "तुला पाझर कधी फुटतो ते बघायचं होतं. मला वाटलं, पहिल्याच दिवशी फुटेल. फारच उशीर केलास."

दाजी हळूच म्हणाले, "म्हणजे माझी बेरीज बरोबर होती." वीस किलोंचा उल्लेख कुणीही केला नाही.

बाईनं जड वाहन असं लिहिलं. उस्तादनं खिशातून लायसन्स काढलं, शर्टावर पुसलं आणि रुबाबात चालकाच्या दाराकडे निघाला. हँडलला हात लावतो तोच ताईनं पर्समधून एक कोरं करकरीत कार्ड काढून बाईपुढे धरलं.

"चालवणार मी," ती म्हणाली. "जड वाहनाचं शिकाऊ लायसन्स. शेजारी पक्क्या लायसन्सवाला बसला की चालतं ना?"

"चालतं," बाई म्हणाली.

उस्तादला आता डोळ्यांचा डॉक्टर कोण ते समजलं. "पण ताई, मी चालवतो की. माझं आयुष्य गेलंय त्यात."

"तुझे रस्ते बघून झालेत ना? मळमळतं ना तुला? तू शेजारी बस." तिनं किल्ली फिरवली. दाजी केव्हाच मागे जाऊन तिसऱ्या सीटवर बसले होते. पट्टा लावून त्यांनी टेबलावर आपला छोटा काटा मांडला आणि इतका सुखाचा उसासा टाकला की उस्तादनं वळून बघितलं.

"हे माझं सीट," दाजी म्हणाले. "मी हिच्या शेजारी बसणार नाही. फार दिवस बसलो."

गाडी आवाराबाहेर पडली. ताईनं फाटकापाशी वेग कमी केला नाही. समोरून पाण्याचा टँकर येत होता, ती आरामात त्याच्या पुढून वळली, आणि उस्तादचा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला, होता तेवढा जोर लावून. तिथं ब्रेक नव्हता. पत्रा होता, आणि पत्र्यावर रबराची चटई.

"उपयोग होत नाही," मागून दाजी म्हणाले. "मी बघितलंय."

उस्तादनं खाली पाहिलं. चटईवर एका टाचेचा खळगा आधीच पडला होता, चांगला खोल. त्यानं आपली टाच त्यात ठेवली. बरोबर बसली.